नवी गृहसामग्री आणि जुना विश्वास
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनात विद्या, विवाह आणि वसतिगृह ह्या तीन विषयांवर दरवर्षी विचारविनिमय होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस जो विषय नेमून दिला तो मात्र ह्या तिन्हींहून निराळा आहे. घर बांधण्याच्या कामी लागणारा नवा माल तयार करून तो बाजारात कसा आणावा, ह्याविषयी आम्ही चार शब्द बोलावे अशी मंडळाची इच्छा आहे. ह्या इच्छेमागील कारण उघड आहे. संस्थेच्या उद्योगसाहाय्य निधीकडे अलीकडे जे अर्ज येतात, त्यांत हलक्या वजनाचे ठोकळे, राखेच्या विटा, तयार गिलावा, गळती थांबविणारे लेप, तयार भिंतींचे फलक असा माल काढू इच्छिणाऱ्या तरुणांचे अर्ज वाढू लागले आहेत. हे तरुण शिकलेले आहेत, उमेदीचे आहेत, आणि नोकरीच्या मागे न लागता स्वतःच्या पायांवर उभे राहू पाहत आहेत. त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु निधीत साठलेला पैसा हा आपल्यातील निवृत्त शिक्षकांचा, कारकुनांचा, विधवा भगिनींचा आणि परगावी राबणाऱ्या कष्टकऱ्यांचा पैसा आहे. तो कोणत्या कसोटीवर द्यावा, हा प्रश्न विश्वस्तांपुढे आहे. आणि ज्यांना तो मिळेल, त्यांनी तो कोणत्या मार्गाने फलद्रूप करावा, हा प्रश्न तरुणांपुढे आहे. ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार आज आम्ही आपणांसमवेत करणार आहोत.

“घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून” ही म्हण आपण सारेच ऐकत आलो. तिच्यातील पहिल्या अर्धात आजच्या विषयाचे सारे मर्म साठविलेले आहे. साबण असो, चहा असो, वा बिस्किटे असोत, गृहिणी एकदा नवा माल आणून पाहते. आवडला नाही तर पुढल्या महिन्यात दुसरा आणते. तिचे नुकसान चार आण्यांचे होते आणि शहाणपण कायमचे पदरी पडते. घराच्या मालाचे तसे नाही. सामान्य माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो. भिंतीत जे गेले ते गेले. छपरावर जे चढले ते चढले. त्याची परीक्षा चार पावसाळे गेल्यावाचून होत नाही, आणि परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पैसे देऊन झालेले असतात. म्हणून घर बांधणारा मनुष्य नव्या वस्तूविषयी साशंक असतो. त्याला मागासलेला म्हणणे हा अन्याय आहे. तो जे जपतो आहे ती त्याच्या आयुष्याची कमाई आहे.

दुसरीही एक अडचण ह्या धंद्यात आहे, आणि ती नवख्या कारखानदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. घराच्या मालाचा ग्राहक एकटा नसतो. पैसे देतो तो घरमालक. माल कोणता घालावा हे सुचवितो तो वास्तुशिल्पी किंवा इंजिनियर. प्रत्यक्ष खरेदी करतो तो ठेकेदार. उधारीवर पुरवितो तो दुकानदार. आणि भिंतीत तो बसवितो तो गवंडी. ह्या पाच जणांपैकी एकाचे जरी मन साशंक राहिले तरी माल कारखान्याच्या आवारात पडून राहतो. पुष्कळदा असे होते की, कारखानदार मालकाची समजूत घालतो, वास्तुशिल्प्याला नमुने दाखवितो, परंतु ज्याच्या हातात थापी आणि ओळंबा आहे त्या गवंड्याला कोणीच काही विचारीत नाही. आणि मालाचे भवितव्य तर शेवटी त्याच्याच हाती असते.

हे आम्ही आपल्या मनचे सांगत नाही. आपल्या देशात ज्या नव्या वस्तू घराघरांत पोहोचल्या त्यांचा इतिहास हेच सांगतो. आपल्या कोकणातील वडीलधाऱ्यांना मंगलोरी कौलांपूर्वीची घरे आठवत असतील, निदान त्यांच्या गोष्टी तरी ऐकून माहीत असतील. गवताने शाकारलेले छप्पर किंवा कुंभाराने घडविलेली नळीची कौले. आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणीचा खर्च आणि खटाटोप. वानराने उडी मारली की नळे फुटले, आणि नळे फुटले की घरात पागोळी. अशा काळी बासल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगळूर येथे नेत्रावती नदीच्या परिसरातील चिकणमाती पारखून १८६५ साली जेप्पू येथे कौलांचा कारखाना चालू केला. एकात एक अडकणारी सपाट कौले करण्याची युक्ती युरोपात आधीच निघाली होती. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली तिचे स्वामित्व घेतले होते. ही युक्ती इकडील मातीला, इकडील पावसाला आणि इकडील बंदरांच्या व्यापाराला जुळवून घेणे, हे मंगळुरात झालेले काम होय.

ह्या कारखान्याच्या जन्मामागे एक सामाजिक कारणही होते, आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने त्याची आठवण ठेवावी. ज्या लोकांनी धर्मांतर केले त्यांचा जातिव्यवसाय आणि त्याबरोबर पोटाचे साधन तुटले. त्यांना काम देण्याकरिता मिशनने विणकाम, छपाई आणि कौले असे उद्योग काढले. जात सुटली की धंदाही सुटतो अशी त्या काळाची रीत होती. ज्ञातीने धंद्याला आधार द्यावा हे चांगले. परंतु धंदा हा ज्ञातीचा बंदिस्त वाडा झाला की तो माणसाला बाहेर काढू शकतो, ही गोष्ट त्या इतिहासात कायमची नोंदलेली आहे.

असो. मंगलोरी कौल का खपले, हे पाहणे आज आपल्या कामाचे आहे. एक तर ते हलके होते. नळीच्या कौलांचा जाड थर नको झाल्याने वासे आणि रीप कमी लागत. दुसरे, एक कौल दुसऱ्यासारखे असल्याने फुटलेले तेवढेच बदलता येई. तिसरे, समुद्रमार्गे गलबतांतून ते किनाऱ्यावरील बंदरोबंदरी उतरविता येई. परंतु ह्या तिहींच्या जोडीला चौथी एक गोष्ट होती. प्रत्येक कौलाच्या अंगावर कारखान्याचे नाव उठविलेले असे. आजही जुने घर उतरविताना “१८६५” हा आकडा असलेली कौले सापडतात. ते नाव म्हणजे जबाबदारी होती. कौल गळले तर ते कोणी केले हे छपरावर लिहिलेलेच आहे; कारखानदाराला अंग चोरण्यास जागाच नाही. शिवाय सुतारालाही नवी शिस्त शिकावी लागली. नळीच्या कौलांना रिपांचे अंतर थोडे मागेपुढे चालत असे. मंगलोरी कौलाला ते नेमके लागते, नाहीतर खाच खाचेत बसत नाही. गावोगावच्या सुतारांनी ही शिस्त हळूहळू उचलली, तेव्हाच ते कौल खऱ्या अर्थाने घरोघर गेले. पुढे मंगळुरात स्थानिक उद्योजकांचेही कारखाने उभे राहिले, आणि परदेशी मिशनचा माल हा आमचा म्हणून ओळखला जाऊ लागला.

कौलाहूनही मोठा धडा सिमेंटाचा आहे. इंग्लंडातील लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटाचे स्वामित्व घेतले. आपल्याकडे तोपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे चुन्याचाच कारभार होता. बैल जुंपून घाणीत चुना मळावा, त्यात विटांची सुर्खी घालावी, आणि मुरलेला चुना गवंड्याने हाताने पारखून घ्यावा. ही विद्या पिढ्यान् पिढ्यांची होती. ह्या देशात सिमेंट काढण्याचा एक प्रयत्न १९०४ साली मद्रासेत झाला आणि फसला. त्यानंतर १९१४ साली पोरबंदर येथे इंडियन सिमेंट कंपनीचा कारखाना सुरू झाला. लवकरच कटनी आणि बुंदी संस्थानातील लाखेरी येथेही कारखाने निघाले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध जुंपल्याने परदेशी माल येणे कठीण झाले, आणि देशी सिमेंटाला आयती बाजारपेठ लाभली.

येथवर सारे सुखाचे होते. युद्ध संपल्यावर मात्र कारखान्यांवर कारखाने निघाले आणि मालाचे उत्पादन मागणीच्या पुढे गेले. परदेशी सिमेंटही पुन्हा येऊ लागले, आणि देशी माल कमअस्सल असावा अशी शंका ग्राहकांच्या मनात होतीच. कारखानदारांनी मग एकमेकांच्या खाली भाव पाडण्यास सुरुवात केली. भाव इतके पडले की काही कंपन्या बुडाल्या. सरकारकडे संरक्षणाची मागणी झाली. १९२५ साली टॅरिफ बोर्डाने चौकशी केली, आणि मूळ दुखणे अतिउत्पादनाचे आहे असा निष्कर्ष काढला. म्हणजे माल होता, कारखाने होते, भांडवल होते; वापरणारा तयार झाला नव्हता.

ह्या संकटातून त्या धंद्याने जो मार्ग काढला तो ह्या व्याख्यानाचा कणा आहे. १९२५ साली कारखानदारांनी आपला संघ स्थापून भावांतील मारामारी आवरली. १९२७ साली त्यांनी ‘काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. ह्या संस्थेचे काम सिमेंट विकण्याचे नव्हते. सिमेंट कसे वापरावे हे लोकांना शिकविण्याचे होते. वाळू कोणती घ्यावी, खडी किती घालावी, पाणी किती ओतावे, ओतल्यानंतर किती दिवस भिजत ठेवावे, ह्याची माहिती ती संस्था पुस्तिका आणि सल्ल्याच्या रूपाने देत असे. १९३० साली विक्रीसाठी एक सामाईक कंपनी निघाली, आणि १९३६ साली फ्रामरोज दिनशा ह्यांच्या प्रयत्नाने चार उद्योगसमूहांच्या कंपन्या एकत्र होऊन ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ ही संस्था जन्मास आली. ती पाहण्यास स्वतः दिनशा मात्र राहिले नाहीत. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील आणि ओव्हल मैदानाच्या काठच्या ज्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतील पुष्कळ इमारती काँक्रीटाच्या ह्याच शिकवणुकीच्या काळातील आहेत. सिमेंटाला शिक्षक आधी लाभले आणि गिऱ्हाईक मागून आले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

कोणी म्हणेल की, ह्या साऱ्या मोठ्या भांडवलाच्या गोष्टी झाल्या. आपल्या तरुणांजवळ एवढी ऐपत कोठून येणार? त्याला उत्तर आहे. मुंबईच्या सिधवा कुटुंबाने १९२२ साली, स्वदेशीच्या भावनेने प्रेरित होऊन, सिमेंटाच्या रंगीत फरश्या करण्यास सुरुवात केली. त्याआधी अशा फरश्या परदेशातून येत. उरण येथे निघालेला तो ‘भारत’ फरश्यांचा कारखाना एका कुटुंबाचा होता. जुन्या मुंबईच्या अनेक दिवाणखान्यांत आजही त्या जमिनी पायांखाली शाबूत आहेत. लहान माणसाला मोठी जाहिरात परवडत नाही, परंतु न उखडणारी फरशी हीच त्याची जाहिरात होते.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही पाहिले पाहिजे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भयंकर टंचाई पडली. तेव्हा कार्ल स्ट्रँडलंड नावाच्या हिकमती इंजिनियराने चिनी मातीसारखा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यांचे घर कारखान्यात तयार करण्याची योजना काढली. ‘लस्ट्रॉन’ हे तिचे नाव. त्याला ना रंग लागे, ना कीड लागे. सरकारने तीन कोटी डॉलरांहून अधिक कर्ज दिले. १९४८ साली घरे निघू लागली, आणि १९५० साली कंपनी बुडाली. सुमारे अडीच हजार घरेच विकली गेली. वस्तू वाईट होती काय? मुळीच नाही, त्यांतील कित्येक घरे आजही उभी आहेत. परंतु गावोगावचे बांधकामाचे नियम तिला अनुकूल नव्हते. विक्रेत्याला संपूर्ण घराचे पैसे आगाऊ भरावे लागत. आणि बांधकाम जसजसे वर चढेल तसतसे हप्ते देण्याची सवय असलेल्या पेढ्यांना एकदम येऊन पडणाऱ्या घरावर कर्ज कसे द्यावे हे उमजेना. कारखाना उत्तम असून वाटेवरच्या साखळीतील दुवे निखळले, आणि माल घरापर्यंत पोहोचलाच नाही. सरकारी कर्ज हे भांडवल होते, बाजारपेठ नव्हती.

आता आजच्या काळाकडे वळू. ज्या हलक्या ठोकळ्यांसाठी आपल्याकडे अर्ज येतात, त्यांचा शोध स्वीडनमधील वास्तुशिल्पी आक्सेल एरिक्सन ह्याने १९२० नंतरच्या दशकात लावला. चुना, सिमेंट आणि वाळू किंवा राख ह्यांच्या राड्यात ॲल्युमिनियमची पूड घातली की वायू सुटतो आणि राडा भाकरीच्या पिठासारखा फुगतो. मग तो कापून, दाबाखालील वाफेत शिजवून घट्ट करतात. भाजलेली वीट दर घनमीटरला सुमारे १,६०० ते १,९०० किलो भरते, तर हा ठोकळा सुमारे ६०० किलो भरतो. इमारतीचे ओझे हलके होते, शेतातील सुपीक माती वाचते, आणि एकलहरे, कोराडी, चंद्रपूर, दीपनगर अशा औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचाही उपयोग होतो. केंद्र सरकारने १९९९ सालापासून अधिसूचना काढून ह्या राखेच्या वापराला चालना दिली आहे. गुण एवढे असूनही “ह्या ठोकळ्याची भिंत तडकते” अशी तक्रार आपण गृहिणींच्या तोंडून ऐकतो. कारण शोधू गेल्यास बहुधा ते थापीपाशी सापडते. विटांची सवय असलेला गवंडी ठोकळा पाण्यात चिंब भिजवितो, जाड मसाल्याचा थर देतो, आणि ओल वाळण्यापूर्वीच गिलावा चढवितो. ठोकळ्याला खरे तर नुसते पाणी शिंपडून, सुमारे तीन मिलिमीटरचा खास चिकटमसाला पुरतो. वीजवाला मग त्याच भिंतीत छिन्नी-हातोड्याने खाच मारतो. दोष गवंड्याचा नाही, वीजवाल्याचाही नाही. ज्याने ठोकळा विकला आणि रीत शिकविली नाही त्याचा आहे.

परंतु खप झाला म्हणजे वस्तू सिद्ध झाली असेही समजू नये. ॲस्बेस्टॉस सिमेंटाचे पत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियातील लुडविग हात्शेक ह्याने बाजारात आणले. स्वस्त, हलके, न जळणारे, न गंजणारे; जगभर त्यांनी घरे आणि चाळी झाकल्या. पुढे त्या तंतूंच्या धुळीपासून कर्करोग होतो हे निर्विवाद ठरले, आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्यांवर संपूर्ण बंदी घातली. किंमत मोजली ती कारखान्यातील मजुराने आणि पत्रा कापणाऱ्या कारागिराने. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. आम्ही आताच ज्या फुगविलेल्या काँक्रीटाचे गुण सांगितले, त्याच्याच सळया घातलेल्या लाद्या ब्रिटनमध्ये १९५० नंतरच्या काही दशकांत शाळांच्या छपरांवर वापरल्या गेल्या. २०१८ साली केंट परगण्यातील एका प्राथमिक शाळेचे छप्पर असे कोसळले. सुट्टीचा दिवस असल्याने मुले वाचली. २०२३ च्या ऑगस्टअखेर, शाळा उघडण्याच्या तोंडावर, शंभराहून अधिक शाळांना अशा छपरांखालील वर्ग बंद करावे लागले. भिंतीतील ठोकळा निराळा आणि माथ्यावरची लादी निराळी. एका जागी उत्तम ठरलेली वस्तू दुसऱ्या जागी घालताना नव्याने परीक्षा द्यावी लागते, आणि पुढे तीस वर्षे तिच्यावर नजर ठेवावी लागते.

हे सर्व ध्यानात घेऊन आमच्या तरुण बांधवांनी आणि निधीच्या विश्वस्तांनी काय करावे, ते आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट प्रमाणाची. ज्या मालाला भारतीय मानक आहे, त्याची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घेतल्यावाचून निधीने एक पैसाही देऊ नये. मानचिन्हाची पद्धत ह्या देशात १९५२ च्या कायद्याने आली, तिचा आधार घ्यावा. जो माल इतका नवा आहे की त्याला मानकच नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. केंद्र सरकारने १९९० साली स्थापिलेली बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषद अशा मालाची तपासणी करून कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र देते. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेचेही मार्गदर्शन घेता येते. २०२१ साली केंद्र सरकारने इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ ह्या सहा नगरांत नव्या पद्धतींनी प्रत्येकी सुमारे एक हजार घरे बांधण्याचे काम हाती घेतले, ते ह्याच हेतूने की, शिकणाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहावी. आमच्या तरुणांनी अशा ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष पाहावे.

दुसरी गोष्ट गवंड्याची. ज्या अर्जात यंत्रांची किंमत आहे परंतु कारागिरांच्या शिक्षणाचा खर्च नाही, तो अर्ज अपुरा समजावा. मराठीत, चित्रांसह, एका पानाची रीत प्रत्येक गोणीबरोबर आणि प्रत्येक गाडीबरोबर गेली पाहिजे; आणि पहिल्या कामावर कारखानदाराचा माणूस हजर राहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट धीराची. घराच्या मालाला बाजारात रुजण्यास वर्षे लागतात. ठेकेदार उधारी मागतो, दुकानदार परतीची सवलत मागतो, आणि पावसाळ्यात बांधकामे थंडावतात. ज्याने यंत्रांवर सारे भांडवल ओतून खेळत्या पैशासाठी आईचे दागिने गहाण ठेवले, तो दुसऱ्या पावसाळ्याआधीच बुडतो. निधीने हप्ते मोसम पाहून ठरवावेत.

चौथी गोष्ट नावाची. मंगलोरी कौलावर नाव होते, तसे आमच्या तरुणाच्या मालावर त्याचे नाव, तारीख आणि जबाबदारी उठविलेली असावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकासकाला ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. साहजिकच तो नव्या मालाला बिचकतो. जो कारखानदार लेखी हमी देऊन त्या पाच वर्षांच्या ओझ्याला आपला खांदा देईल, त्याच्यासाठी हे दार उघडेल.

आणि पाचवी गोष्ट आपल्या सर्वांची, म्हणून ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेविली आहे. नवा कारखानदार पहिले गिऱ्हाईक शोधू लागला की त्याची दृष्टी नात्यागोत्यांकडे जाते. मामाचे घर, मेहुण्याचा बंगला, ज्ञातीचे सभागृह. त्यात गैर काही नाही; मनुष्य पहिले पाऊल ओळखीच्या जमिनीवरच टाकतो. परंतु नात्यातील गिऱ्हाईक हा अडचणीतला गिऱ्हाईक असतो. त्याला भाव करता येत नाही, नाही म्हणता येत नाही, आणि भिंत ओली झाली तर तक्रारही करता येत नाही. “आपल्याच मुलाचा माल आहे, बोलून कशाला वाईटपणा घ्यावा?” असे म्हणून तो गप्प बसतो. ह्या मौनाने दोघांचेही नुकसान होते. घरमालकाची आयुष्याची कमाई भिजते, आणि तरुणाला आपल्या मालातील दोष कळतच नाही. तो कळतो तेव्हा बाहेरच्या बाजारात, भरसभेत कळतो. ज्ञातीने तरुणाला जी मोलाची वस्तू द्यावी ती आंधळी खरेदी नव्हे. ती परखड परीक्षा होय. म्हणून आम्ही असे सुचवितो की, ज्या मालाला निधीने साहाय्य केले असेल, त्याचा पहिला उपयोग राहत्या घरात न करता वसतिगृहाच्या आवारातील एखादी कुंपणाची भिंत, सायकलींची शेड किंवा ओटा ह्यांवर करावा. तीन पावसाळे त्याची नोंद ठेवावी. तडा कोठे गेला, ओल कोठे आली, खर्च किती लागला, हे निःसंकोच लिहावे आणि ती नोंद ह्याच स्मरणिकेत छापावी. त्या नोंदीत उणे आढळले तर ते तरुणाच्या हिताचे आहे. अधिक आढळले तर ती त्याची खरी शिफारस होईल, आणि ती ज्ञातीबाहेरच्या गिऱ्हाईकालाही पटेल. कारण जो माल ज्ञातीतच खपतो तो धंदा नव्हे. ज्याला अनोळखी माणूस दुसऱ्यांदा विकत घेतो तोच धंदा.

भगिनींना एक विनंती आहे. घर बांधले जाते तेव्हा बैठकीत पुरुष बोलतात. परंतु त्या घरात चोवीस तास वावर आपला असतो. मोरीच्या कोपऱ्यातील ओल, स्वयंपाकघरातील भिंतीचा उकाडा, फळी ठोकताना निखळणारा खिळा हे प्रथम आपल्याच लक्षात येते. नव्या मालाची परीक्षा करणाऱ्या समितीत निदान दोन भगिनी असाव्यात, असा ठराव मंडळाने करावा. इंजिनियराच्या कागदावर जे दिसत नाही ते त्या सांगतील.

बंधुभगिनींनो, नवे ते सारे वाईट आणि जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर आपण अजून गवताच्या छपराखाली बसलो असतो. आज जुने म्हणून जे आपण विश्वासाने वापरतो, ते कौल आणि ते सिमेंट, दोन्ही एके काळी अनोळखी आणि संशयास्पद होती. त्यांना विश्वास मिळाला तो कोणाच्या तरी चिकाटीने, शिकवणुकीने आणि नाव लावून उभे राहण्याच्या धाडसाने. आमच्या तरुणांच्या अंगी ती चिकाटी आहे असा आम्हांस भरवसा वाटतो. विश्वस्तांनी त्यांना पैसा द्यावा. गवंड्यांनी त्यांना हात द्यावा. आणि आपण सर्वांनी त्यांना खरे बोलणारे तोंड द्यावे. कोणा एका कुटुंबाने आयुष्यात एकदाच बांधलेले घर कोरडे आणि भक्कम राहिले, की आपल्या निधीतील पैसा सत्कारणी लागला असे समजावे.